मोठ्या मापाचा चाप

आमच्या सासरी, अनसिंगला, अंगावर घालायच्या प्रत्येक वस्तूचं माप एकाच माणसाचं घेतलं जाई. तो माणूस म्हणजे माझे भासरे, यजमानांचे थोरले भाऊ. चांभार आला की ओसरीवर कागद पसरून भासऱ्यांचा पाय आखून घेई आणि त्याच मापाचे दोन जोड शिवून आणी. एक भासऱ्यांचा, दुसरा आमच्या यांचा. शिंपी सदऱ्याचं तेच करी. भासरे अंगापिंडानं दणकट, दारातून आत आले की खोलीतला उजेड कमी व्हायचा. हे बारीक चणीचे. यांच्या जोड्यात पुढे कापूस कोंबलेला असे आणि वऱ्हाडात कापसाला तोटा नसल्यामुळे या व्यवस्थेत काही खोट आहे असं कुणालाच वाटत नसे. थोरला जिवंत असताना धाकल्याचं माप घेणं म्हणजे थोरल्याचं आयुष्य कमी करणं, असं सासूबाई म्हणत. मी वाशिमच्या शाळेत चौथीपर्यंत शिकून आलेली. चौथीपर्यंतच्या कुठल्याही पुस्तकात हे शास्त्र मला भेटलं नव्हतं.

अशा या घरात पिस्तूल आलं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट.

अकोल्याचा गोरा साहेब हिवाळ्यात दौऱ्यावर आला की आमच्या आमराईत त्याचे तंबू पडत. दूध, कोंबड्या, सरपण, कडबा, सगळं आमच्याकडून जाई. इतकी वर्षं कोंबड्या खाल्ल्यावर सरकारलाही लाज वाटली असावी, कारण एका वर्षी साहेबानं भासऱ्यांना विचारलं, काय पाहिजे? भासऱ्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला. शेतातल्या रानडुकरांसाठी, असं कारण सांगितलं. पिस्तुलानं रानडुक्कर मारायला ते डुक्कर आधी शेजारी येऊन बसावं लागतं, हे साहेबाला ठाऊक असणारच. पण परवाना मिळाला. तालुक्यात बंदुका पुष्कळ होत्या, पिस्तूल कुणाकडे नव्हतं. भासऱ्यांना हवं होतं ते तेवढंच.

मुंबईच्या दुकानानं मागणीच्या आधी एक छापील कागद पाठवला. यांचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, म्हणून ओसरीवर बसून यांनी तो सगळ्यांना मराठीत सांगितला. मी दाराआडून ऐकला आणि माझ्या डोक्यात तो अजून जसाच्या तसा आहे. पिस्तुलाला चाप दोन तऱ्हांचे मिळतात, एक लांब, मुठीपासून दूर येणारा, एक आखूड, मुठीजवळ राहणारा. आपल्या हाताला कोणता हे ठरवायला अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागे घट्ट बसवायची आणि मग तर्जनी कुठे पोचते ते बघायचं. तिच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर सपाट टेकला पाहिजे. नुसतं टोकच टेकलं, तर ओढताना पिस्तूल डावीकडे ढकललं जातं. बोट पार आत जाऊन दुमडलं, तर ते उजवीकडे खेचलं जातं. तेव्हा जो हात बार काढणार, त्या हाताची आकृती कागदावर काढून पाठवावी.

जो हात बार काढणार. हे शब्द यांनी दोनदा वाचले, कारण बार कोण काढणार हे घरात आधीच ठरलं होतं. स्वतः बार काढणं भासऱ्यांना कमीपणाचं वाटे. मालकानं पिस्तूल बाळगायचं, आवाज हाताखालच्यानं काढायचा. परवान्यावर तसं यांचं नावही चढवून घेतलं होतं.

"मंग माहा हात काढू काय?" यांनी विचारलं.

भासऱ्यांनी यांच्याकडे असं पाहिलं, की जणू यांनी त्यांच्या ताटातली भाकर उचलली. "काहून? म्या मेलो काय?"

हात भासऱ्यांचाच ठरला. नुसती पेन्सिलीची रेघ भासऱ्यांना पुरेना. सासूबाईंनी परातीत कुंकू कालवलं, भासऱ्यांनी त्यात अख्खा पंजा बुडवला आणि लग्नाच्या घरी भिंतीवर उठवतात तसा तो कागदावर उठवला. जोर लावून. कुंकू चारी बाजूंनी पसरलं. मुळात मोठा हात, त्यात तो कडेनं आणखी बोटभर वाढला. मुंबईच्या दुकानदारानं तो पंजा पाहून काय विचार केला असेल देव जाणे. वऱ्हाडात अजून राक्षस शिल्लक आहेत, असं त्याला वाटलं असावं.

पेटी आली. सासूबाईंनी तिची पूजा केली. आत तेलकट कागदात पिस्तूल होतं, त्याला चाप अर्थातच लांब बसवलेला. दुकानदार मात्र शहाणा निघाला. त्यानं एका पुडीत आखूड चापही घालून दिला होता, आणि चिठ्ठी, की घरात दुसऱ्या कुणाचा हात लहान असल्यास हा बसवून घ्यावा. भासऱ्यांनी चिठ्ठी यांच्याकडून वाचून घेतली, पुडी मुठीत धरली आणि देव्हाऱ्याच्या खणात टाकून खण बंद केला. या घरात लहान हाताचं माणूस आहे, ही बातमी त्यांना पिस्तुलालासुद्धा कळू द्यायची नव्हती.

हे मळ्यात जाऊन नेम धरू लागले. कडुलिंबाच्या तोडलेल्या खोडावर मडकं ठेवायचं आणि मारायचं. मडकं दिवसभर तसंच. त्याच्या डाव्या अंगाला कडब्याची गंजी होती, सगळ्या गोळ्या तिच्यात. कागदात लिहिलं होतं ते अक्षरशः घडत होतं. यांच्या बोटाचं निव्वळ टोक चापावर टेके, ओढायला गेलं की नळी डावीकडे सरके. मग यांनी हातातलं पिस्तूल थोडं फिरवून धरलं. बोट पोचलं, पण आता मागे बसणारा धक्का बेचकीऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर बसू लागला. अंगठा सुजून वांग्यासारखा झाला. मी हळद लावून दिली.

आता उपाय सुरू झाले. चाप आखूड करावा, हे घरात कुणाच्या तोंडून निघेना. बोट लांब करावं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. सासूबाई रोज सकाळी यांना पुढ्यात बसवून तर्जनीला तिळाचं तेल चोळत आणि टोकाकडे ओढत, गाईचं दूध काढावं तशी. गावच्या पैलवानानं बोटाला वजन टांगायला सांगितलं. पटवारी म्हणाला, तूप खा, तुपानं हाडं वाढतात. बाप्या माणूस तिशीत आलेला, पोराबाळांचा, तो ओसरीवर बोट पुढे करून बसे आणि गाव येऊन त्याचं बोट बघून जाई. "वाढलं वाटते गा थोडं!" असं कुणीतरी रोज म्हणे. मला हसू येई, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग येई.

त्यात दसरा आला. शस्त्रपूजेला विळे, कुऱ्हाडी, वखराची लोखंडी पास, आणि सगळ्यांच्या मधोमध चौरंगावर पिस्तूल. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, आपटा वाहिला आणि नळीचं तोंड हेच त्याचं तोंड समजून तिच्यात अक्षता सोडल्या. दुसऱ्या दिवशी पिस्तूल उघडेना की मिटेना. तेव्हा यांनी ते सतरंजीवर घेतलं, एकेक खिळा, एकेक स्प्रिंग सुटी केली, तांदळाचे दाणे काढले, कुंकू पुसलं, तेल दिलं आणि सगळं परत बसवलं. एकही तुकडा उरला नाही. मी तेव्हा समोर बसून शेंगा फोडत होते. यांचे हात असे चालत होते, की मला पहिल्यांदा वाटलं, हे हात सुंदर आहेत. लहान आहेत म्हणूनच सुंदर आहेत.

त्याच सुमारास तहसिलीतून निरोप आला. यंदाच्या दौऱ्यात साहेब परवानेवाल्यांना आपल्यासमोर बार काढायला लावणार. ज्याला हत्यार चालवता येत नाही, त्याचं हत्यार तहसिलीत जमा होईल. भासऱ्यांनी यांना बोलावून सांगितलं, "माही इज्जत तुह्या हातात हाये." हे जेवायचे कमी झाले. एकदा मला म्हणाले, "अख्ख्या गावासमोर गोळी डावीकडंच जाईन वं. मले दिसून राह्यलं." पिस्तूल गेलं तर भासऱ्यांची मिजास जाणार होती. ती गेली असती तर मी देवाला नारळ फोडला असता. पण लोक म्हणणार होते, की धाकल्याच्यानं काही होत नाही. आणि हे स्वतःही ते खरं मानणार होते. मला भीती होती ती त्याची.

म्हणून मी भासऱ्यांशी बोलायचं ठरवलं.

आता आमच्याकडे भासऱ्याशी धाकट्या भावजयीनं बोलायचं नसतं. त्याच्यापुढे यायचं नाही, त्याच्या सावलीवर पाय पडू द्यायचा नाही. अगदीच गरज पडली, तर मधे एखादी वस्तू ठेवून तिच्याशी बोलायचं. जाऊबाई लवकर वारल्यामुळे आम्हाला अशी गरज फार पडे आणि आमच्यामधे ओसरीचा खांब असे. मी दाराआड उभी राहून म्हणे, "खांबा, भाजीत मीठ कमी हाये काय?" आणि भासरे म्हणत, "खांबा, सांग तिले, बरोबर हाये." असा संसार चालला होता. तो खांब सागाचा होता म्हणून टिकला.

"खांबा," मी म्हटलं, "कासार घरी येते, तं सुनेच्या बांगड्या कोनाच्या हाताच्या मापानं भरते? सासूचा हात दाबून माप घेतलं, तं बांगडी सुनेच्या कोपरात जाईन का नाही?"

भासरे पान लावत होते. हात थांबला. "खांबा, काय म्हनून राह्यली ही?"

"खांबा, देव्हाऱ्यात आखूड चाप पडून हाये. तो बसवला तं पिस्तूल काही लहान होत नाही."

"खांबा, तिले सांग," भासऱ्यांचा आवाज चढला, "बांगड्या आन पिस्तूल एक नसते. लोक पाहाले येतात ते पिस्तूल. उद्या कोनी इचारलं, आखूड काहून, तं म्या काय सांगू? आमच्या घरचा हात आखूड हाये म्हनून?"

खांबाला यावर उत्तर नव्हतं. मला होतं, पण खांबामार्फत शिव्या देता येत नाहीत.

साहेबाचा कँप पडला. आमराईपलीकडच्या बांधावर मडकी मांडली होती, अलीकडे खुर्च्या, टेबल, टेबलावर पांढरा कपडा आणि चहा. अख्खं गाव लोटलं. आम्ही बायका बैलगाड्यांच्या आडोशाला. पहिले धनजकडचे एक जमीनदार उठले. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, दोन्ही डोळे गच्च मिटले आणि बार काढला. मडकं फुटलं. ते डोळे उघडायला तयार नव्हते, त्यांना हलवून सांगावं लागलं. मग किन्हीराजा गावाकडचे एक जण आले. त्यांनी आधी गोळी कुठे घालतात ते विचारलं. साहेबानं त्यांची बंदूक तिथंच ठेवून घेतली.

मग आमचे हे. सदरा भासऱ्यांच्या मापाचा, बाही मनगटावरून खाली येत होती, ती यांनी दोनदा वर सारली. बेचकी मुठीमागे बसवली, कागदात सांगितल्याप्रमाणे. बोट पुढे नेलं. टोक टेकलं. बार निघाला आणि मडक्याच्या डावीकडची माती उडाली. दुसरा बार, डावीकडे. तिसरा, डावीकडे. पोरं हसायला लागली, मग त्यांचे बाप. यांनी पिस्तूल खाली केलं आणि जमिनीकडे पाहत उभे राहिले.

साहेबानं भासऱ्यांकडे पाहिलं. भासऱ्यांनी हात जोडले आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय करू साहेब, माह्या भावाचा हातच लहान हाये. त्याच्यानं होत नाही."

मी गाडीआडून निघाले. मागून सासूबाईंनी पदर धरला, तो सुटला. मधे पट्टेवाला आडवा आला, त्याला मी वळसा घातला. तिथं खांब नव्हता. असता तरी मी त्याच्याशी बोलले नसते. मी भासऱ्यांच्या समोर उभी राहिले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांचा चेहरा एवढ्या जवळून पाहिला नव्हता. डाव्या भुवईत पांढरे केस होते.

"हात लहान नाही," मी म्हटलं. "चाप लांब हाये. तो तुमच्या हाताचा हाये. यांच्या हाताचा चाप तुमी देव्हाऱ्यात कोंडून ठेवला. तो आना, आन मंग बोला कोनाच्यानं होते आन कोनाच्यानं नाही ते."

तंबूमागे कोंबडी सोलणारा माणूस हातातली सुरी घेऊनच बघायला पुढे आला. साहेबानं तहसिलदाराला विचारलं, ही बाई काय म्हणते? तहसिलदार मुरलेला माणूस. तो म्हणाला, "हुजूर, पिस्तुलाचा एक भाग घरी राहिला, असं त्या सांगतात." साहेब म्हणाला, मग आणा. एवढं मोठं भांडण इंग्रजीत एवढंसं झालं.

पुडी आली. यांनी साहेबाच्या टेबलावरचे कप बाजूला केले, त्याच पांढऱ्या कपड्यावर पिस्तूल मोकळं केलं, लांब चाप काढला, आखूड घातला आणि सगळं परत जोडलं. साहेब खुर्ची पुढे ओढून बघत होता. यांनी एकदाही मान वर केली नाही. मग ते उभे राहिले, मूठ धरली, आणि मला उभी होते तिथूनही दिसलं, की पहिलं पेर चापावर सपाट बसलं आहे. कुठे ओढाताण नाही. मडकं फुटलं. शेजारचं फुटलं. त्याच्या शेजारचं पुढच्या जमीनदारासाठी ठेवलेलं होतं, तेही फुटलं. मी रडले. लाज बाळगली नाही, सगळ्यांसमोर रडले.

साहेब उठून म्हणाला, "शाबास!" आणि त्यानं हात मिळवला. भासऱ्यांशी. परवाना त्यांच्या नावावर होता.

गावात दुसरीच वार्ता फिरू लागली. मडकी बाईनं फोडली, असं लोक म्हणत. नदीवर, दुकानात, देवळात तेच. यांना कुणी भेटलं की पहिल्यांदा माझी चौकशी करी आणि मग हसे. हे माझ्याशी बोलेनासे झाले. भासरे माझं काय करतील, या धास्तीनं सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. पण भासऱ्यांनी काहीच केलं नाही. चारचौघांत जे तोंडावर ऐकलं ते त्यांना कुठेतरी लागलं असावं. एका सकाळी त्यांनी यांना हाक मारली, पिस्तूल यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ठेव तुह्यापाशी. तुह्याच हाताचं हाये ते. म्या उगीच अडवलं." जन्मात कुणी त्यांना आपली चूक कबूल करताना ऐकलं नव्हतं. मला दाराआड उभं राहून वाटलं, जिंकलो.

दुपारी मी यांना जेवायला बोलवायला गेले, तर हे आतल्या खोलीत चटईवर बसलेले. पुढ्यात फडकं, त्यावर पिस्तूल सुटं केलेलं. आखूड चाप काढून बाजूला ठेवला होता. हातात लांब होता.

"अहो, हे काय करून राह्यले?"

"पह्यलेचा बसवतो."

"पन त्याले बोट पोचत नाही ना तुमचं?"

"नाही पोचत." मान खालीच. "दादाचं माप हाये ते."

"दादानंच तं दिलं तुमाले आता! आपल्या तोंडानं म्हनले, तुह्या हाताचं हाये!"

"म्हनूनच," हे म्हणाले. "एवढ्या मोठ्या मानसानं लहान्याले हात जोडल्यासारखं बोलावं, हे मले पाहवलं नाही. तुह्यापायी झालं ते." आणि आखूड चाप पुडीत गुंडाळून माझ्याकडे सरकवला. "देव्हाऱ्यात ठेवून दे."

त्यांची बोटं सुरेख चालली होती. यांना अडवणारा माणूस ओसरीवर बसतो, असं मी इतके दिवस धरून चालले होते. तो माझ्यासमोर चटईवर बसून, कुणी न सांगता, आपल्या हातानं तो लांब चाप जागेवर बसवत होता. भासऱ्यांशी मी भांडू शकले. याच्याशी कसं भांडायचं ते मला कळेना, आणि एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मी पुडी उचलून ठेवून दिली. त्यांना जेवायला वाढलं. फक्त त्या दिवशी "अजून घ्या" असं म्हटलं नाही, आणि तेही ताटात होतं तेवढं खाऊन उठले.